उभे वायपर

काकू गरीब आहेत, असं मी पहिलं वर्षभर धरून चालले होते. त्याला कारण त्यांची गाडी.

कर्वेनगरच्या ज्या सोसायटीत मी सकाळी गाड्या धुते, तिथे गाडीवरून माणूस ओळखायची सवय लागते. उंच काळी गाडी म्हणजे मोठ्या पगाराचा साहेब. मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा म्हणजे घरात लहान मूल. आणि आवाराच्या कडेला, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, खांब आणि भिंत यांच्यामध्ये एक छोटी करडी गाडी उभी असायची. रंग विटलेला, मागे पोचा आलेला, एका आरशाला काळी चिकटपट्टी. ती काकूंची. काकू दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. सुती साडी, जाड तळाच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. रोज आठच्या सुमाराला स्वतः गाडी काढून निघायच्या. मला वाटायचं, सत्तरीला आल्या तरी बिचाऱ्यांना कुठेतरी नोकरीला जावं लागतं.

आम्हा गाड्या धुणाऱ्या बायांची रीत अशी, की मोठ्या गाड्या आधी, स्वच्छ पाण्यानं. लहान गाड्या शेवटी, उरलेल्या पाण्यानं. कारण तक्रार करतात ते मोठ्या गाडीवाले. मी मात्र काकूंची गाडी सगळ्यात आधी धुवायचे. दिवाळीला त्यांनी पाकीट पुढे केलं तेव्हा मी हात मागे घेतला.

"राहू द्या काकू. तुम्हालाच लागतील."

मी कुणाशी फारसं बोलत नाही. पण तेवढं बोलले. काकूंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, पाकीट पिशवीत टाकलं आणि "बरं" म्हणाल्या. संक्रांतीला मी त्यांना जवसाची चटणी नेऊन दिली. आमच्या वाशीमकडे करतात तशी, लसूण जास्त घालून. आठवड्यानं भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "चटणी फार चांगली होती. अशीच गरीब राहिले तर अजून मिळेल का?"

मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

अर्थ लागला हडपसरला. एके दिवशी त्या म्हणाल्या, "आज दुपारी वेळ आहे का तुला? थोडं सामान उचलायचं आहे, माझी कंबर धरली आहे." मी गेले. मागे बसायला लागले तर म्हणाल्या, "पुढे बस, मी काही तुझी ड्रायव्हर नाही." स्वारगेट ओलांडून हडपसरला एका मोठ्या फाटकाशी गाडी थांबली. रखवालदारानं पळत येऊन फाटक उघडलं आणि सलाम केला. आत लांबच लांब शेड, यंत्रांचा आवाज, निळ्या कपड्यातली माणसं. फाटकावरची पाटी मी वाचली. काकूंच्या दारावर जे आडनाव आहे तेच. मग एकेक जण येऊन "मॅडम, मॅडम" करू लागला आणि काकू कंबर विसरून एका यंत्राशी वाकून, हाताला तेल लावून, त्यांना काहीतरी समजावू लागल्या. नवऱ्यामागे तो कारखाना पंधरा वर्षं त्या एकट्या चालवत होत्या.

सामान डिकीत भरून निघालो, पण परतीच्या रस्त्यात मी खिडकीबाहेर बघत बसले.

"काय झालं?"

"मी तुम्हाला चटणी दिली," मी म्हणाले. लाज एवढी वाटत होती की दुसरं काही सुचलंच नाही.

"मग? कारखानेवाल्यांनी चटणी खायची नाही, असा कायदा आहे का?"

बऱ्याच वेळानं मी धीर करून विचारलं, "काकू, मग अशी गाडी का?"

"अशी म्हणजे कशी?"

"लहान."

"माझी उंची पाच फूट. मला किती गाडी लागणार?" त्यांनी गिअर बदलला. "कारखान्यातलं यंत्र जुनं झालं की मी नवीन घेते. ते काम करून देतं. गाडी काय करते? मला इथून तिथे नेते. ते हीसुद्धा करते. आणि लक्ष्मी रोडला मला गाडी लावायला जागा मिळते. आपल्या सोसायटीतल्या त्या रणगाड्यांना मिळते का, विचार एकदा."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं तर आमचे हे हसायलाच लागले. हे एका बिल्डरकडे ड्रायव्हर आहेत. पांढरी उंच गाडी चालवतात, आणि ती गाडी स्वतःच्याच अंगावर घातल्यासारखे चालतात.

"कारखानदारीण हाय अन् ते डबडं चालवते? तुले बनवलं तिनं."

"मी डोळ्यानं पाहिलं."

"अव, ज्याच्याजवळ पैसा असते त्याची गाडी पाहूनच समजते. माह्या सायबाची गाडी पाह्य. लोक रस्ता देतात."

ह्यांच्यापुढे मी नेहमीच गप्प बसते. पण त्या दिवशी मनात आलं, यांच्या साहेबाला लोक रस्ता देतात, आणि काकूंना रस्ता लागतच नाही, त्या कुठूनही निघून जातात.

आता एक गोष्ट लिहिते जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मला गाडी चालवायची होती. किती वर्षांपासून, ते मलाही आठवत नाही. रोज वीस-बावीस गाड्यांना हात लावायचा, त्यांचं पोट-पाठ सगळं माहीत, कुठल्या गाडीचं दार कुरकुरतं ते माहीत, पण आत बसायचं नाही. आतली सफाई करायची तीसुद्धा पाय बाहेर ठेवून. कमरेत वाकायचं, अर्धं अंग आत घालायचं, पायपुसणी ओढायची, डॅशबोर्ड पुसायचा, पण बूड टेकायचं नाही. सुरुवातीला एकदा पाठ भरून आली म्हणून एका उंच गाडीच्या सीटवर क्षणभर टेकले होते. हात आपोआप स्टिअरिंगवर गेला. सोसायटीचे सेक्रेटरी साहेब वरून ओरडले, "ओ बाई! गाडी पुसायला ठेवलंय, बसायला नाही." सगळ्या गॅलऱ्यांत माणसं होती. तेव्हापासून मी आणखी लवकर यायला लागले, म्हणजे कुणाची गाठ पडू नये.

गेल्या वर्षी काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एक डोळा आधी, दुसरा नंतर, असं डॉक्टरांनी ठरवलं, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे गाडी चालवायची नाही असं सांगितलं. बाणेरला राहणारा त्यांचा मुलगा आला. मी खाली गाड्या धूत होते आणि दोघं काकूंच्या गाडीशी उभं राहून बोलत होते.

"आई, मी ड्रायव्हरसकट चांगली गाडी पाठवतो. ही काढून टाक. लोक मला विचारतात, आईला अशी गाडी का दिलीस?"

"तू कुठे दिलीस? मी घेतली आहे."

"तेच तर! डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आता हट्ट नको."

"माझ्याकडे चालवायला माणूस असेल तर?"

"कोण?"

"ऑपरेशनच्या तारखेपर्यंत माणूस मिळाला तर गाडी राहील. नाही मिळाला तर तुझी गाडी आणि तुझा ड्रायव्हर. कबूल?"

मुलगा हसून कबूल म्हणाला. तो गेल्यावर काकू माझ्याकडे आल्या. माझ्या हातात ओलं फडकं होतं.

"तू रोज पाय बाहेर ठेवून आत वाकतेस आणि स्टिअरिंग दोनदा पुसतेस. मी वरून बघते. शिकायची का?"

मी मान हलवली.

"होय की नाही? आडवी मान की उभी, काही कळलं नाही."

"होय," मी म्हणाले.

शिकाऊ लायसनसाठी रहदारीच्या खुणांची परीक्षा असते. काकूंनी खुणांचा कागद आणून दिला, तो मी गॅसच्या वर भिंतीला चिकटवला. पोळ्या लाटता लाटता पाठ करायचे. ह्यांनी विचारलं, "हे काऊन लावलं?" मी खरं सांगितलं. हे आधी हसले, मग रागावले, मग म्हणाले, "गाडी चालवनं म्हणजे पोया लाटनं नोय." आणि वर, "त्या डबड्यावर शिकून माह्या गाडीले हात लावशीन असं समजू नको."

"तुमच्या गाडीला हात लावायचाय कोणाला?" मी म्हणाले. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ह्यांना असं उत्तर मी पहिल्यांदाच दिलं असेल.

खुणांच्या परीक्षेत मी पास झाले. वाचायला मला वेळ लागतो, पण चित्रं मी ओळखते.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. काकू मला हडपसरला घेऊन जायच्या आणि शेडमागच्या मोकळ्या आवारात शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्या डाव्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "बस." मी सीटवर बसले. हात स्टिअरिंगवर ठेवले. काकू वाट बघत राहिल्या.

"अगं, पाय आत घे."

माझे दोन्ही पाय बाहेर जमिनीवर होते. मी पाय आत घेतले, दार ओढलं. दाराचा तो आवाज मी हजार वेळा बाहेरून ऐकला होता. आतून ऐकला तो पहिल्यांदाच.

गाडी पंधरा वेळा बंद पडली असेल. काकू ओरडत नसत. नुसतं म्हणायच्या, "क्लच म्हणजे काही झुरळ नाही, एकदम पाय उचलायला." एकदा मी ब्रेकच्या जागी भलतंच दाबून रिकाम्या पिंपांना जाऊन धडकले. मी रडायलाच लागले. काकूंनी उतरून पाहिलं. "आता पुढेही पोचा आला. मागे होताच. बरं झालं, गाडी दोन्हीकडून सारखी दिसेल." मग परत बसून म्हणाल्या, "मोठी गाडी असती तर आज तुझ्या जिवापेक्षा मला रंगाची काळजी पडली असती. चल, रिव्हर्स."

हळूहळू गाडी माझं ऐकायला लागली. मग सोसायटीच्या मागचा रस्ता, मग मोठा रस्ता. खांब आणि भिंतीमधून गाडी पहिल्यांदा मी बाहेर काढली त्या दिवशी सेक्रेटरी साहेब खाली उभे होते. "काकू, जरा सांभाळून हं, माझ्या गाडीला लागेल."

"तुमची गाडी इथे शिरतच नाही, तर लागेल कशी?" काकू म्हणाल्या. मी पुढे बघत होते, पण हसू आलंच.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी लायसनची परीक्षा होती. सकाळी आरटीओच्या मैदानावर गेलो. लाइन मोठी. काकू कागद घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या आणि मी गाडीजवळ. हात रिकामे ठेवता येईनात. डिकीत फडकं होतं. ते काढून मी गाडीवरची धूळ पुसायला लागले. काच पुसली, बॉनेट पुसलं, दारं पुसली. तेवढ्यात माझा नंबर पुकारला. फडकं खाली टाकलं आणि धावत जाऊन सीटवर बसले. परीक्षा घेणारे साहेब शेजारी येऊन बसले. काकू अजून लांब होत्या.

"चला," साहेब म्हणाले.

गाडी सुरू केली, आठच्या आकड्यात घातली. तेव्हा मला दिसलं, समोरच्या काचेवर दोन काळ्या दांड्या उभ्या. मैदानाच्या कडेला उभी असलेली माणसं बोटं दाखवत होती.

"बाई," साहेब म्हणाले, "गाडीला शिंगं फुटली आहेत का?"

आमची ही खूण असते. गाडी धुऊन झाली की दोन्ही वायपर उभे करून ठेवायचे, म्हणजे मालकाला वरूनच कळतं की गाडी झाली. रोज बावीस वेळा मी वायपर उभे करते. खाली करणं माझं काम कधीच नव्हतं. ते गाडी चालवणारा करतो. हातानं आपल्या सवयीनं ते केलं आणि मला कळलंही नाही.

त्यात मी इतकी गडबडले की चढावर गाडी मागे घसरली. नापास. साहेबांनी वायपरसाठी नापास केलं नाही, चढासाठी केलं, आणि ते बरोबरच होतं. पण लोक हसले ते वायपरला.

परत येताना काकू चालवत होत्या. मी म्हणाले, "काकू, तुमच्या मुलाला गाडी पाठवायला सांगा."

"का?"

"मी धुणारीच आहे. हाताला तेच येतं."

काकूंनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागून एक उंच गाडी हॉर्न वाजवत गेली. "ऑपरेशन कधी आहे?"

"पुढच्या शुक्रवारी."

"परत परीक्षा कधी देता येते?"

"आठवड्यानं. गुरुवारी."

"मग अजून शुक्रवार कुठे उजाडलाय? मुलाची गाडी अशी काय घाईची आहे?" आणि दुसरीकडे बघत, "मलासुद्धा पहिल्या दिवशी कारखान्यात लोक हसले होते. साडी नेसून यंत्राखाली वाकले म्हणून."

घरी हे हसले नाहीत. ते हसले असते तर बरं वाटलं असतं. जेवताना फक्त म्हणाले, "चढावर हँडब्रेक लाव. हाफ क्लचवर गाडी उचलली की मंग सोड." मी मान वर करून पाहिलं. हे ताटात बघत होते.

तो आठवडा मी रोज चढ चढले. बावधनच्या बाजूला एक चढाचा रस्ता आहे, तिथे काकू सकाळी मला न्यायच्या. हँडब्रेक, क्लच, सोड. हँडब्रेक, क्लच, सोड. शेवटी शेवटी काकू पेपर वाचत बसायच्या आणि गाडी मागे आली का नाही, ते बघायच्याही नाहीत.

गुरुवारी मैदानावर पोचल्यावर काकूंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डिकीतलं फडकं काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं. "आज धूळ असू दे."

माझा नंबर आला. मी गाडीच्या पुढे गेले. वायपर काचेला टेकलेलेच होते. तरीही दोन्ही हातांनी एकेकदा दाबून घेतले. मग आत बसले, पाय आत घेतले, दार लावलं. तेच साहेब होते. त्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज शिंगं नाहीत वाटतं?"

"म्हैस घरी बांधून आले, साहेब."

हे माझ्या तोंडातून कसं आलं, मला अजून समजत नाही. साहेब एकदम मोठ्यानं हसले. मी हसले नाही, मला आठचा आकडा काढायचा होता. काढला. रिव्हर्स घेतली. चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक लावला, क्लच उचलला, गाडी थरथरली तेव्हा हँडब्रेक सोडला आणि गाडी वर गेली. सरळ वर. एक बोटभरसुद्धा मागे आली नाही. वर पोचल्यावर समोर सगळं मैदान दिसत होतं. लाइन, काकू, त्यांची पिशवी, पलीकडचा रस्ता. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही चढ बाकी झोकात चढता."

काकूंना सांगायला गेले तर त्यांनी मला हातानं थांबवलं. "मी पाहिलं. आता घरी चल, आणि मी मागे बसणार आहे."

"पुढे बसा ना."

"नाही. एकदा मला मोठ्या गाडीवाल्यांसारखं बसू दे."

येताना मी गाडी स्वारगेटच्या चौकातून काढली. बस डावीकडून, रिक्षा उजवीकडून, एक टेम्पो अगदी अंगावर. मागून काकूंचा एक शब्द नाही. चौक ओलांडल्यावर आरशात पाहिलं तर त्या झोपल्या होत्या. मला त्या वेळी लायसनपेक्षा त्या झोपेचा जास्त आनंद झाला.

संध्याकाळी काकूंनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. "माणूस मिळाला," म्हणाल्या. पलीकडून तो काहीतरी विचारत होता. "नाही, एजन्सीचा नाही. आपल्या सोसायटीतला आहे. या गाडीला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. आणि हो, बाई आहे." मग बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझी गाडी तूच ठेव. बाणेरला जागा मोठी आहे."

शुक्रवारी सकाळी काकूंना दवाखान्यात सोडायचं होतं. मी नेहमीपेक्षा लवकर निघाले, म्हणजे आधी आपली गाडी धुऊन होईल. लिहिताना दिसतंय की मी आपली गाडी असं लिहिलं आहे. राहू दे तसंच.

सोसायटीत पोचले तर टाकीपाशी आमचे हे उभे. आदल्या रात्री मालकाकडेच थांबले होते, तिथून सरळ इकडे आले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात माझं फडकं, शेजारी माझी बादली. करडी गाडी धुऊन ओली चमकत होती. आणि दोन्ही वायपर उभे.

"झाली गाडी," हे म्हणाले. "घ्या, मालकीनबाई."

"तुम्ही काऊन आले?" मी विचारलं. पुण्यात आल्यापासून मी असं बोलायचं सोडलं होतं, पण आलं तोंडात.

"पाहाले आलो. डबडं लयच लहान हाय बा. दहा मिनिटात धुतलं."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात साबणाचा ओघळ राहिला होता. मी बोट दाखवलं.

"इथे राहिलं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वरच्या गॅलरीत सेक्रेटरी साहेब चहा पीत उभे होते, तेही बघत होते. हे गेले आणि तो कोपरा पुसून आले. तेवढ्यात काकू हळूहळू जिना उतरून खाली आल्या, ह्यांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

मी वायपर खाली केले. आधी उजवा, मग डावा. दार उघडलं, बसले, पाय आत घेतले आणि खांब आणि भिंतीमधून गाडी बाहेर काढली.